घरच्या छोट्या बँडसॉवर सरळ कट: फेन्सला हात लावायच्या आधी काय काय पाहायचं

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट आहे. तान्ह्या पोळ्यासाठी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात तो) लाकडी नंदी बनवून राहिलो होतो, एक भाच्यासाठी आणि चार गल्लीतल्या पोरांसाठी. नंदी ज्याच्यावर उभा राहते तो खालचा पाट मी माझ्या ८ इंची बँडसॉवर (दोन चाकांवर पट्ट्यासारखं ब्लेड फिरते ती मशीन) कापला, फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी) लावली, फळी सरकवली, कट दिसायला चांगला होता म्हणून पुढे गेलो. चाकं बसवली आणि ओसरीवर १० फूट ओढून पाहिला त नंदी वीतभर डावीकडे गेला. चाकं काढली, पुन्हा बसवली, तरी तेच. मग पाट मोजला, एका टोकाला दुसऱ्यापेक्षा ३ मिलिमीटर बारीक निघाला. पुढच्या चाकाच्या आसाची रेघ मी डाव्या कडेवरून गुण्याने (सुताराच्या काटकोनाने) मारली होती आणि मागच्याची उजव्या कडेवरून, कडाच समांतर नाही त आस कुठून समांतर येतील.

हे लिहायचं कारण असं की माझ्याकडे मशीन पाहायला येणारा प्रत्येक जण हेच विचारते, भाऊ फेन्स लावली तरी कट तिरपा काहून जाते. आणि तोपर्यंत त्याने फेन्स दहा वेळा ढिली करून दहा वेळा आवळलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे की फेन्स सगळ्यात शेवटी. कट वाकडा जायचं कारण बहुतेक वेळा मशीन चालू करायच्या आधीच लाकडात नाही त ब्लेडात बसलेलं असते, म्हणून खाली ज्या क्रमाने लिहून राहिलो त्याच क्रमाने तपासत जा, मधलं काही सोडू नका.

मी ८ इंचीबद्दल बोलतो, म्हणजे चाकाचा व्यास ८ इंच, ब्लेडाची लांबी बहुतेक १४०० मिमी, जास्तीत जास्त ८० मिमी उंचीचं लाकूड जाते आणि मोटर २५० ते ३०० वॅटची. ९ आणि १० इंचीला पण हेच सगळं लागू होते, फक्त हे आकडे वेगळे.

हात लावायच्या आधी प्लग काढा. स्विच बंद नाही, प्लग काढा, कारण ब्लेडाला आणि चाकाला बोटं लागणार आहेत. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येकाच्या गळ्यात दुपट्टा असते, तो मशीनजवळ यायच्या आधी खुंटीला टांगा. हातमोजे पण नको, दात त्यात अडकला त हातासकट ओढते. चष्मा आणि तोंडाला मास्क मात्र पाहिजेच, सागाच्या भुशाने दिवसभर शिंका येतात ते वेगळंच.

आता लाकूड. बँडसॉ वाकडं लाकूड सरळ करत नाही, त्याला जी कड दिली तिच्या समांतर तो कापतो, त्यामुळे कडच बाकदार असेल त कट पण बाकदार निघेल. आरा मशीनवरून आणलेली फळी वाळता वाळता पीळ धरते. ती मशीनच्या टेबलावर ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बोटाने दाबा, टक टक वाजली की समजा डुलून राहिली. अशी फळी कापताना अर्ध्यात एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर पडते आणि ब्लेड तिथे झटका खाते, मग कटावर तिथे एक पायरी दिसते. लोकं त्या पायरीसाठी ब्लेडाला दोष देतात.

आमच्या गावातले वाढई (सुतार) काका, वय सत्तरच्या वर आहे, त्यांनी माझा तो पाट हातात घेतला, एक डोळा मिटून कडेवरून पाहिलं आणि म्हणाले, "पयले लाकूड त सरळ कर बाबू, मंग मशीनले बोल." मग त्यांनीच माझ्या हातात रंधा दिला. एक तोंड सपाट करायचं, मग त्याला लागून एक कड काटकोनात आणायची, बस एवढंच, बाकी दोन बाजू बँडसॉ करून देते. गुण्या कडेवर ठेवून फळी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली त तिथे रंधा कमी लागला. दोन फुटाच्या पाटाला हाताने हे करायला मला १० मिनिटं लागतात आणि त्या १० मिनिटांनी नंतरचा तासभर वाचते.

सपाट केलेलं तोंड टेबलावर खाली आणि सरळ केलेली कड फेन्सकडे, हे उलटं करू नका.

लाकूड ओलं असेल त अजून एक भानगड. ब्रह्मपुरी, चंद्रपूरकडचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, वरून फळी कडक वाळलेली वाटते आणि आतून ओली असते. अशी फळी चिरली की कट मागून मिटते नाही त फाकते, मिटला त ब्लेड चिमटीत सापडते आणि मोटर घुं घुं करते. सावलीत, खाली सपाट ठोकळे आणि प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या टाकून रचून ठेवा, जुना अंदाज इंचाला एक वर्षाचा आहे, आपल्या उन्हात थोडं लवकर होते पण उन्हात टाकून घाई केली त फळी तडकते. मी तर जास्त करून पाडलेल्या जुन्या घरांचं सागवान घेतो, वासे, चौकटी, दारं, ते पन्नास वर्षं वाळलेलं असते आणि कापल्यावर हलत नाही. फक्त त्याच्यात खिळे असतात. फुटलेल्या स्पीकरचं लोहचुंबक मी दोरीला बांधून ठेवलं आहे, कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावरून फिरवतो, जिथे खेचलं तिथे खडूने गोल करतो आणि खिळा काढल्याशिवाय तो तुकडा मशीनकडे जात नाही.

खिळ्याचं एवढं काहून सांगून राहिलो, त ब्लेडामुळे. बँडसॉचे दात एक डावीकडे एक उजवीकडे असे थोडे वाकवलेले असतात, त्यामुळे कट ब्लेडाच्या जाडीपेक्षा रुंद होते आणि ब्लेडाला आत जागा मिळते. खिळा एका बाजूने घासून गेला की त्या बाजूचे दात बोथट होतात, दुसऱ्या बाजूचे धारदार राहतात, आणि ब्लेड धारेच्या बाजूला ओढत जाते. तुम्ही फेन्स कितीही नीट लावा, लाकूड एकतर फेन्सपासून सुटत जाईल नाही त फेन्सवर दाबल्या जाईल. असं ब्लेड सरळ कटाला पुन्हा कामाचं नाही, ते गोलाई कापायला ठेवा आणि सरळ कटाला नवीन लावा. मोबाईलचा कॅमेरा झूम करून दात पाहिले त बोथट टोकं चमकताना स्पष्ट दिसतात.

मशीनसोबत जे ब्लेड येते ते बहुतेक ६ मिमी रुंद असते आणि सगळं थोडं थोडं करायला दिलेलं असते. सरळ कटाला १० मिमी रुंद ब्लेड घ्या. रुंद ब्लेड सहजासहजी वळत नाही, म्हणून रेघ धरून चालते. १२ मिमीचं बसते काही मशीनला, पण छोट्या मशीनची फ्रेम आणि स्प्रिंग त्याला पुरेसं ताणू शकत नाही, मग रुंद ब्लेड घेऊन फायदा काय. जाडी पण विचारा, ०.३५ मिमीच्या आसपासचं पातळ ब्लेड ८ इंचाच्या चाकावर नीट वळते, मोठ्या मशीनचं ०.६५ मिमीचं घेऊन कापून जोडून लावलं त ते वाकून वाकून जोडावरच तुटते. माझं तसं एक तुटलं होतं, बंदुकीसारखा आवाज झाला.

दातांचा हिशोब सोपा आहे, कापताना कमीत कमी ३ दात लाकडात असले पाहिजे. २ इंच जाडीच्या सागाला इंचाला ४ किंवा ६ दात बरोबर, दात जास्त झाले त खाचेत भुसा भरते, ब्लेड तापते आणि आत बाक धरते, म्हणजे वरून कट सरळ आणि आतून पोट निघालेलं. ६ मिमीच्या प्लायला मात्र १४ दातांचं. सागात वाळूसारखा सिलिका असते त्यामुळे धार लवकर जाते, बाभळीने त अजून लवकर, म्हणून ब्लेड दोन तरी घरी पाहिजे, आपल्याकडे तालुक्याला मिळत नाही, नागपूरवरून आणावं लागते.

आणताना जोड पाहून घ्या. मला एकदा एका दुकानातून जोड मारून दिलेलं ब्लेड मिळालं, जोडावर वेल्डिंगची बारीक गाठ राहिली होती, बोटाला पण लागत होती पण मी लक्ष दिलं नाही. ८ इंची चाक मिनिटाला १४०० फेरे घेते म्हणजे ब्लेड मिनिटाला ८९० मीटर धावते, १४०० मिमीच्या ब्लेडाचा जोड सेकंदाला १० वेळा गाईडमधून (ब्लेड बाजूला-मागे जाऊ नये म्हणून लावलेल्या टेकूंमधून) जाते. प्रत्येक वेळी गाठ गाईडला आपटे आणि ब्लेड बाजूला सरके, कटावर बारीक बारीक आडव्या रेघा. नंतर तेल-दगडाने गाठ घासून काढली तेव्हा रेघा गेल्या. आता मी दुकानातच ब्लेडाची मागची कड स्टीलच्या पट्टीला लावून पाहतो, जोडावर कोन आला असेल त घेत नाही.

आता ब्लेड चढवू. जुनं काढा, दोन्ही चाकांच्या रबरावर हात फिरवा. भुसा आणि चीक दबून दबून तिथे टणक खपली होते, ती लाकडाच्या चिपेने खरवडून काढा, नाही त ब्लेड प्रत्येक फेऱ्याला उडी मारते. नवीन ब्लेड असं लावा की टेबलाजवळ दात खाली पाहतात आणि तुमच्याकडे तोंड करून असतात. दात वर पाहून राहिले त ब्लेड आतून बाहेर उलटं करा, दोन्ही हातांनी पिळून पलटते. त्याआधी सगळे गाईड मागे सरकवून ठेवा, हे फार महत्त्वाचं, गाईड ब्लेडाला टेकून असताना ट्रॅकिंग (ब्लेड चाकावर मधोमध आणणं) केलं त ब्लेड कुठे चालायचं म्हणते ते कळतच नाही.

थोडं टेन्शन (ब्लेडाला ताण) द्या, वरचं चाक हाताने फिरवा आणि मागची ट्रॅकिंगची चावी थोडी थोडी फिरवत ब्लेड मधोमध आणा. मधोमध म्हणजे काय यावर माझं मत असं आहे की ब्लेडाचा मध्य नाही, दातांच्या खाचेचा तळ चाकाच्या मध्यावर आला पाहिजे. छोट्या मशीनच्या रबराला मधे उंचवटा असते, खाचेचा तळ त्या उंचवट्यावर बसला की ताण कापणाऱ्या कडेजवळ येते आणि ब्लेड तिरपं व्हायची सवय पुष्कळ कमी होते. माझं अर्धं दुखणं फक्त एवढ्याने गेलं, फेन्सला हात न लावता.

टेन्शनचा जो आकड्यांचा काटा छोट्या मशीनवर असते त्यावर मी भरोसा ठेवत नाही. वरचा गाईड पूर्ण वर करा आणि मधोमध बोटाने बाजूने दाबा, साधारण जोर लावून ब्लेड ५-६ मिमी हललं पाहिजे, जास्त हललं त ढिलं आहे. मग दार लावून, गाईड मागेच ठेवून, मशीन चालू करा आणि समोरून ब्लेड पाहा. ते थरथरत असेल, दोन ब्लेडं असल्यासारखं दिसत असेल, त बंद करून पाव फेरा आवळा. थरथर थांबली की अजून पाव फेरा, बस. त्याच्या पुढे आवळत जाऊ नका, फ्रेम वाकते.

मग गाईड. बाजूचे गाईड ब्लेडापासून एका साध्या कागदाच्या अंतरावर, मी पोरांच्या वहीचा कागद दोन्हीकडून लावून गाईड टेकवतो, आवळतो आणि कागद ओढून काढतो. पुढून त्यांची कड दातांच्या खाचेच्या थोडी मागे राहिली पाहिजे, दातांवर गाईड आला त एका मिनिटात नवीन ब्लेडाचे दात जातात. पाठीमागचं जे बेअरिंग असते ते अर्धा मिलिमीटर मागे, मशीन रिकामी चालू असताना ते फिरू नये, लाकूड लावलं की फिरावं. टेबलाखालचे गाईड पण हेच. ते दिसत नाहीत म्हणून लोकं सोडून देतात आणि कटाचा खालचा भाग भरकटते.

टेबल काटकोनात आहे का ते गुण्याने पाहाच, पण माझा भरोसा ठोकळ्यावर जास्त. एक २ इंची चौरस ठोकळा घ्या, ब्लेडावर अर्धा इंच आत कापा, मागे ओढा, मशीन बंद करा. मग ठोकळा पुढून मागे असा पलटा, म्हणजे वरचं तोंड खाली येईल, आणि तीच खाच ब्लेडाच्या मागून पाठीवर सरकवा. अडचण न होता ब्लेड खाचेत बसलं त टेबल बरोबर आहे, वर नाही त खाली अडलं त जेवढं अडलं त्याच्या अर्धं टेबल झुकलेलं आहे.

एवढं झाल्यावर फेन्स. आधी फेन्सशिवाय एक कट मारून पाहा. एका बेकामी सरळ फळीवर कडेला समांतर पेन्सिलीची रेघ मारा आणि फक्त हाताने, रेघेवर नजर ठेवून, हळू हळू अर्ध्यापर्यंत कापा. अर्ध्यात थांबा, फळी जशी आहे तशी टेबलावर दाबून धरा, दुसऱ्या हाताने मशीन बंद करा आणि ब्लेड थांबल्यावर फळीच्या कडेने टेबलावर पेन्सिलीने रेघ ओढा. ही रेघ म्हणजे तुमचं ब्लेड ज्या दिशेला चालते ती दिशा. ती टेबलातल्या लांब सरळ खाचेला समांतर आली त उत्तम. थोडी तिरपी आली त फेन्स त्या रेघेच्या समांतर लावा, टेबलाच्या कडेला समांतर दिसायचा हट्ट सोडून द्या. खूपच तिरपी आली, म्हणजे फूटभरात ५-६ मिमी, त फेन्स फिरवू नका, परत ब्लेडाकडे जा, कारण दुखणं तिथेच आहे.

मशीनसोबतची फेन्स बहुतेक एकाच टोकाला आवळल्या जाते आणि दुसरं टोक लाकूड दाबलं की सरकते. मी दुसऱ्या टोकाला एक छोटा क्लॅम्प लावतो. उभी फळी चिरायची असेल त फेन्सला १८ मिमी प्लायचा उंच तुकडा स्क्रूने बसवला आहे, त्याची उंची नसली त फळी वरून झुकते. वरचा गाईड लाकडाच्या फक्त ६ मिमी वर आणून आवळा. उघडं ब्लेड जेवढं लांब तेवढं ते वाकायला मोकळं, आणि बोटालाही धोका.

कापताना घाई नको. डावा हात लाकडाला फेन्सकडे धरते, उजवा पुढे ढकलते, फेन्सकडे धरायचा जोर ब्लेडाच्या आधी, ब्लेडाच्या बाजूला किंवा पुढे कधीच नाही. कानाने ऐका, मोटरचा आवाज खाली बसायला लागला की तुम्ही जास्त ढकलून राहिले. ब्लेडाला जेवढं खाता येते तेवढंच द्या, जास्त दिलं की ते बाजूला वाकून पळवाट काढते. शेवटचे ४ इंच हाताने नाही, लाकडी ढकलकाठीने. आणि गोल फांदी कधी नुसती सरकवू नका, दात तिला गरकन फिरवतात, आधी तिला फळीच्या तुकड्यावर स्क्रूने बसवा.

गावात व्होल्टेजचं पण पाहावं लागते. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि पंखे चालू झाले की माझ्याकडे व्होल्टेज उतरते, मोटरचा जोर जाते, ब्लेडाचा वेग मंदावते आणि तोच हात, तेच लाकूड असून कट खराब येते. म्हणून नीट मापाचं काम मी सकाळी करतो. लांबलचक बारीक वायरची एक्स्टेन्शन घेऊन अंगणात मशीन लावली त तिथेही तेच होते, वायर २.५ स्क्वेअर मिमीची घ्या आणि शक्य तेवढी आखूड ठेवा.

बारीक पट्ट्या कापत असाल त टेबलातल्या ब्लेडाजवळच्या भोकात पट्टी खाली पडते आणि अडकते. ३ मिमी प्लायचा टेबलाएवढा तुकडा घ्या, त्यात अर्ध्यापर्यंत कापा, तसाच टेबलावर चिकटपट्टीने बसवा, मग ब्लेडाच्या बाजूला भोकच राहत नाही. पट्टी झाल्यावर तिची जाडी दोन्ही टोकांना आणि मधे व्हर्नियरने मोजा. दोन टोकांत फरक असेल त दिशा चुकली, वरच्या आणि खालच्या कडेत फरक असेल त टेबल, आणि फक्त उंचीच्या मधेच जाड-बारीक असेल त ब्लेड आत पोट काढून राहिलं, म्हणजे टेन्शन कमी किंवा धार गेलेली. मी आता पाटाचा कट मारायच्या आधी एक अशी पट्टी कापूनच घेतो, दोन मिनिटांचं काम आहे. या वर्षीच्या नंदीच्या पाटाला १२ इंचात ०.३ मिमी फरक आला, तो दोन रंध्यात गेला.

काम संपलं की टेन्शन ढिलं करा, रबरावर खळगा पडत नाही. आणि विसरू नये म्हणून "ढिलं आहे" असं लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी मी स्विचवर अडकवतो. धानाच्या रोवणीच्या (लावणीच्या) दिवसांत हवा इतकी ओली असते की नुसतं टांगलेलं ब्लेड चार दिवसांत तांबडं होते, त्याला मशीनच्या पातळ तेलाचा फडका फिरवून, तीन वेटोळे करून, कागदात गुंडाळून ठेवा. परत लावताना कोरड्या कपड्याने आधी नीट पुसा, नाही त पहिल्या दोन-तीन कटांना तेलाचे डाग लागतात आणि त्या पाटावर नंदीचा रंग धरत नाही.